अठराशे रुपयांची मिकू

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय शाळेत ‘थर्ड लँग्वेज’ होता आणि ऱ्हस्व-दीर्घ या प्रकाराशी माझं कधीच जमलं नाही. तेव्हा या लेखात चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या, आणि नसतील तर संपादक मंडळाची कृपा! विषय मात्र माझा पक्का आहे, कारण त्यात मी पैसे घालवले आहेत. नुसते माझेच नाही, दुसऱ्यांचेही.

झालं असं. माझ्या रूममेटला हात्सुने मिकूचं भयंकर वेड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मिकू ही हाडामांसाची गायिका नाही. जपानमधल्या साप्पोरो शहरातल्या क्रिप्टन नावाच्या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी गाणं गाणारं एक सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि त्याच्या खोक्यावर हिरव्या-निळ्या दोन लांब शेंड्यांची एक मुलगी छापली. ती म्हणजे मिकू. पुढे तिच्या बाहुल्या निघाल्या, कॉन्सर्ट झाल्या, सगळं झालं. रूममेटचा वाढदिवसही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातलाच, त्यामुळे ती स्वतःला मिकूची जुळी बहीण समजते. गेल्या वर्षी आम्ही विंगमधल्या सहा जणींनी तीनशे-तीनशे रुपये काढले आणि तिला मिकूची फिगर द्यायची ठरवलं. (‘फिगर’ म्हटल्यावर मागच्या बाकावरून हसू येणार हे माहीत आहे. ‘मूर्ती’ म्हटलं तर आजी विचारते आरती कधी. म्हणून फिगरच म्हणू या.) कॉम्प्युटर चालवणारी म्हणून पैसे माझ्याकडे आले. मोबाईलवर जाहिरात दिसली, ‘ओरिजिनल जपान’, किंमत रुपये अठराशे, डिलिव्हरी फ्री. मी दोन मिनिटांत पैसे पाठवले आणि वर सगळ्यांना सांगितलं की बघा, बरोब्बर वर्गणीएवढीच किंमत!

फिगर आली. खोकं होतं, खिडकी होती, मिकू होती. रूममेटने आम्हा सगळ्यांना मिठी मारली आणि ती शेल्फवर ठेवली. डिसेंबरमध्ये एकदा झाडताना माझ्या लक्षात आलं की मिकू कायम टेडीला टेकून उभी असते. टेडी काढला की मान पुढे पडते.

‘‘अगं, ही उभी का राहत नाही?’’

‘‘डुप्लिकेट आहे ना ती. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘सहा जणींनी दिलेली. काय बोलणार?’’

माझे कान गरम झाले. पाच मैत्रिणींचे पैसे मी खोट्या मालावर उडवले होते आणि जिला दिलं ती चार महिने गप्प राहिली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. त्यानंतर सबमिशन्स सोडून मी या विषयाचा जो अभ्यास केला तो अप्लाइड मेकॅनिक्सचाही केला नव्हता. आपल्या कॉलेजमध्ये अॅनिमे बघणारे किती आहेत ते रात्री अकरानंतर वाय-फायचा स्पीड बघून कळतंच, आणि वन पीस, नारुतोच्या फिगर्स आता मुलांच्या होस्टेलमध्येही दिसायला लागल्यात. म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी, आपण काय घेतोय ते ठाऊक पाहिजे. मला ते ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या सगळ्या चुका त्यातूनच झाल्या. मिकूची ती मोठ्या डोक्याची, दहा सेंटिमीटरची गोंडस बाहुली असते तिला नेन्दोरॉइड म्हणतात. टोकियोच्या गुड स्माइल कंपनीने २००६ साली ही मालिका सुरू केली. ‘नेन्दो’ म्हणजे जपानीत चिकणमाती, आपल्या शाडूसारखी. फिगर मात्र प्लास्टिकची असते. चेहरे, हात बदलता येतात. फिग्मा हा प्रकार २००८ पासूनचा, अंगभर सांधे असलेला, हवी ती पोज देता येते. तिसरा प्रकार स्केल फिगर. ही हलत नाही, एकाच पोजमध्ये असते, पण काम सगळ्यात बारीक. ‘एक सप्तमांश’ असं लिहिलेलं असेल तर १६० सेंटिमीटरची मुलगी साधारण २३ सेंटिमीटरची होणार, एवढा हिशोब आपल्याला यायला हरकत नाही. तरीही लोक फोटो पाहून ‘केवढी मोठी’ म्हणून घेतात आणि हातात पेनाएवढी येते. उंची सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते, पट्टी घेऊन टेबलावर धरून बघा.

आणि चौथा प्रकार, ज्यावर आपल्यासारख्यांनी जास्त लक्ष द्यावं, तो म्हणजे प्राइझ फिगर. जपानमध्ये गेम सेंटरमध्ये ते पंजा खाली सोडून वस्तू उचलायचं मशीन असतं ना, त्यात बक्षीस म्हणून ठेवायला या बनवतात. एका बक्षिसाच्या किमतीवर तिथे मर्यादा असते, म्हणून रंगकाम साधं आणि तुकडे कमी. पण माल शंभर टक्के अधिकृत. बानप्रेस्टो, सेगा, तैतो, फुर्यू ही त्यातली नेहमीची नावं. ‘स्वस्त म्हणजे खोटं’ हा नियम म्हणून अर्धाच खरा आहे. प्राइझ फिगर स्वस्त असून खरी असते. नेन्दोरॉइड मात्र अठराशेत खरी असूच शकत नाही. अलीकडच्या नव्या नेन्दोरॉइडची जपानमधलीच किंमत सहा-सात हजार येनच्या घरात असते. एक येन साठ पैशांच्या आसपास धरा, म्हणजे जपानमधल्या दुकानातच चार हजार रुपये झाले. तीच वस्तू समुद्र ओलांडून, ‘फ्री डिलिव्हरी’ने, अठराशेत माझ्या होस्टेलच्या गेटवर कशी येईल? हा प्रश्न मी विचारला नाही. विचारायला अर्धा मिनिट लागलं असतं : फिगरचं नाव, तिची मूळ येनमधली किंमत, गुणिले दर.

आता नकली माल बनतो कसा, ते मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं सविस्तर, कारण ओळखायच्या सगळ्या खुणा त्यातूनच निघतात. खरी कंपनी आधी मूळ नमुना घडवते, त्यावरून स्टीलचे साचे बनवते आणि पीव्हीसी, एबीएस यांचे भाग ओतते. प्लास्टिक थंड होताना थोडं आकसतं, ते धरूनच साचा किंचित मोठा केलेला असतो. नकलाकाराकडे मूळ नमुना नसतो. तो बाजारातून खरी फिगर आणतो, सुटी करतो आणि तिच्यावरूनच साचा काढतो. म्हणजे आधीच आकसलेल्या वस्तूची नक्कल, आणि ती थंड होताना पुन्हा आकसणार. परिणाम : नक्कल मुळापेक्षा जराशी लहान, केसांची टोकं बोथट, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी. खुंटी आणि भोक यांचं फिटिंग बिघडतं, एक तर घुसत नाही किंवा सैल पडतं. आमच्या मिकूची मान याचमुळे पडते. फिटिंग आणि टॉलरन्सवर सरांनी तीन लेक्चर्स घेतली तेव्हा मी झोपले होते, मिकूच्या मानेने ते पाच मिनिटांत शिकवलं.

दुसरी खूण डोळे. खऱ्या फिगरचे डोळे बहुधा पॅड प्रिंटिंगने छापतात : कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि गोलसर चेहऱ्यावर दाबतो. प्रत्येक रंगाचा थर वेगळा, आणि सगळे एकमेकांवर नेमके बसावे लागतात. नक्कलवाल्यांचे थर सरकतात, म्हणून बाहुली किंचित तिरळी किंवा झोपाळू दिसते. तिसरी खूण कातडी. खरी मॅट, नकली तेल लावल्यासारखी चकाकते. जोडाची रेघ केसांवरून ठळक दिसते. आणि वास! आमचं खोकं उघडल्यावर नव्या चपलांच्या दुकानासारखा जो वास आला होता, तो मी ‘इम्पोर्टेड स्मेल’ समजले होते. त्यात कुठला रंग, कुठला प्लास्टिसायझर आहे हे कोणी तपासलेलं नसतं. घरात तोंडात घालणारं लहान भावंडं असेल तर ही गंमत नाही.

खोक्यावर जाऊ नका असं मात्र नाही, जरूर जा, पण सांभाळून. कंपनीचा लोगो, मूळ हक्कदाराचं नाव, कॉपीराइटची ओळ नकली खोक्यावर बरेचदा गायब किंवा पुसट असते. ड्रॅगन बॉल, वन पीसच्या बऱ्याच खोक्यांवर तोएई कंपनीचं मांजराच्या तोंडाचं चकाकतं स्टिकर असतं. पण स्टिकरचीही नक्कल होते, त्यामुळे नुसत्या त्यावर विसंबू नका. ‘मेड इन चायना’ वाचून घाबरायचं कारण नाही, जपानी कंपन्यांच्या बहुतेक खऱ्या फिगर्स चीनमध्येच तयार होतात. बारकोडबद्दल एक गैरसमज आमच्या विंगमध्ये जोरात होता. जपानी कंपनीचा बारकोड ४५ किंवा ४९ ने सुरू होतो हे खरं. पण तो आकडा कंपनीची नोंदणी कुठे झाली ते सांगतो, माल कुठे बनला ते नाही. आणि तेराव्या अंकाचं गणित (एक आड एक अंकांना १ आणि ३ ने गुणून बेरीज करा, पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात तो शेवटचा अंक) जुळलं म्हणजे माल खरा, असंही नाही. ते गणित टायपिंगची चूक पकडायला आहे, चोर पकडायला नाही. चोराने खऱ्या खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा छापलेला असतो. बारकोडचा खरा उपयोग असा : विकणाऱ्याने दाखवलेला आकडा सर्चमध्ये टाका आणि तीच फिगर, तीच आवृत्ती निघते का बघा. मिकूच्या आवृत्त्या इतक्या आहेत की खऱ्या दुकानातही चुकीची मागवणारे भेटतात.

पण हे सगळं वस्तू हातात आल्यावरचं, तेव्हा पैसे गेलेले असतात. खरी परीक्षा विकणाऱ्याची. मी ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, तसंही ते खातं आता दुसऱ्याच नावाने चालू असेल. त्यांच्याकडे सगळे फोटो कंपनीचे जाहिरातीचे होते, स्वतः काढलेला एकही नाही. मी मागितला असता तर कळलं असतं. आजच्या तारखेच्या चिठ्ठीसकट खोक्याचा आणि चेहऱ्याचा जवळून फोटो मागा. खरा विकणारा देतो. ‘चायना व्हर्जन’, ‘हाय कॉपी’, ‘विदाउट बॉक्स’ हे शब्द म्हणजे कबुलीजबाबच समजा. आणि जी फिगर जपानमध्ये केव्हाच संपली आहे, ती एखाद्याकडे दीडशे नग शिल्लक असेल तर ती कुठून आली?

भारतातला दुकानदार असेल तर जीएसटी बिल मागा. जीएसटीचा पंधरा अक्षरी नंबर सरकारी पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो, नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे पाठवणं म्हणजे एसटी स्टँडवर रोख देण्यासारखं आहे. क्रेडिट कार्ड असेल तर माल न आल्यास बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायची वाट तरी असते. आपल्याकडे क्रेडिट कार्ड नसतं, बाबांकडे असतं, आणि बाबांना समजावून सांगावं लागतं. ही या पद्धतीची मुख्य अडचण. परदेशी खरेदीसाठी कार्डावर तो पर्याय बँकेच्या अॅपमधून आधी चालू करावा लागतो, मार्च २०२० पासून नवी कार्डं तशी बंदच येतात. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, जितक्या लवकर फोन तितकं बरं. मी चार महिन्यांनी जागी झाले, त्यामुळे माझा अनुभव विचारू नका.

जपानमधून थेट मागवायचं असेल तर दोन वाटा : नवी किंवा वापरलेली. नवी बहुतेक वेळा प्री-ऑर्डरने. कंपनी फोटो दाखवते, काही आठवडे बुकिंग घेते, मग उत्पादन. पेणच्या गणपतीचं बुकिंग आधी करून ठेवतात तसंच, फक्त बाप्पा तारखेला येतो आणि फिगर उशिराही येऊ शकते. सहा महिने ते वर्षभर थांबायची तयारी पाहिजे. काही दुकानं पैसे माल आल्यावर मागतात. ऐकायला छान वाटतं, म्हणून लोक वेगवेगळ्या महिन्यांत चार बुकिंग करतात, आणि तारखा सरकून चारही एकाच महिन्यात येतात, नेमक्या परीक्षा फीच्या. एक गोष्ट इथे आवर्जून : संपलेली फिगर कोणी दुप्पट-तिप्पट भावात विकत असेल तर थांबा. लोकप्रिय फिगर्सचं कंपनी पुन्हा उत्पादन करते, आणि तशी घोषणा झाली की वापरलेल्या बाजारातला भाव धाडकन खाली येतो.

वापरलेला माल ही जपानची खासियत. आपल्याकडे ‘सेकंडहँड’ म्हटलं की नाक मुरडतात, तिथे मांदाराके, अमिअमी अशी मोठी दुकानं वापरलेल्या फिगर्स नीट तपासून विकतात. अमिअमीमध्ये तर वस्तूला वेगळी आणि खोक्याला वेगळी अशी श्रेणी असते, ए, ए-मायनस, बी-प्लस, बी. वस्तू ए आणि खोकं बी असेल तर आपलं काम झालं! खोकं चेपलेलं आहे म्हणून किंमत उतरते, आणि होस्टेलच्या खोलीत खोकं पलंगाखालीच जाणार असतं.

मग येतो पाठवणीचा खर्च, जो कोणी धरत नाही. खासगी कुरिअरवाले वजन आणि आकार यांपैकी जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ३५ × २५ × २५ चं खोकं म्हणजे ४.३७५ किलो, आत फिगर सव्वा किलोची असली तरी! जपान पोस्टची ईएमएस सेवा प्रत्यक्ष वजनावर आकारते, त्यामुळे मोठ्या पण हलक्या खोक्याला ती बरी पडते.

आणि कस्टम्स. इथे नीट लक्ष द्या. ड्यूटी नुसत्या वस्तूवर लागत नाही, वस्तू अधिक पाठवणीचा खर्च अधिक विमा, या सगळ्यावर लागते. त्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी. दर बजेटमध्ये बदलत राहतात, तेव्हा मागवायच्या आधी चालू दर बघा. पण गणित असं. समजा ड्यूटी २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरली, तर एकूण ३८ नाही, ४१.६ टक्के होतात. साडेसहा हजार येनची फिगर, अडीच हजार येन पाठवणी, मिळून ५४०० रुपये, हातात येईपर्यंत साधारण ७६५०. खेळण्यांवरची ड्यूटी वेगळीच गोष्ट आहे : ती २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा मार्क सक्तीचा आहे. तुमची फिगर ‘खेळणं’ ठरली तर पार्सल अडकू शकतं. हा धोका धरूनच मागवा, आणि पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत विचाराल तर बिल देणाऱ्या भारतातल्या आयातदाराकडून एखादी प्राइझ फिगर घ्या. सगळी ड्यूटी त्याने भरलेली असते.

‘गिफ्ट लिहायला सांग, ड्यूटी लागत नाही’ हा सल्ला देणारे सीनियर्स प्रत्येक होस्टेलमध्ये आहेत. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. आता फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी यांनाच सूट आहे. राखीबरोबरच्या भेटवस्तूलाही नाही, तेव्हा मिकूला राखी बांधून उपयोग नाही! किंमत कमी लिहायला सांगणं हा तर गुन्हाच, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्या कमी किमतीचीच मिळते.

हे सगळं शिकून झाल्यावर मी जानेवारीत वापरलेली मिकू मागवली, वस्तू ए, खोकं बी. पैसे या वेळी फक्त माझे, शिकवण्या घेऊन साठवलेले. विंगमधल्या दोघींनी आपापल्या फिगर्स त्याच पार्सलमध्ये घेतल्या, त्यामुळे पाठवणीचा खर्च तिघींत वाटला. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या फॉरेन पोस्ट ऑफिसमध्ये ते नऊ दिवस बसून होतं. मी दिवसातून चार वेळा ट्रॅकिंग बघायचे. शेवटी पोस्टमनकाका गेटवर आले, ड्यूटीचे पैसे मोजून घेतले आणि पावती दिली. वॉचमनकाकांनी रजिस्टरमध्ये ‘जपान’ लिहिलं आणि विचारलं, ‘‘ताई, बॉम्ब तर नाही ना?’’

होस्टेलवाल्यांसाठी दोन-तीन खास गोष्टी. पत्त्यात रूम नंबर आणि चालू मोबाईल नंबर घाला, नाहीतर पार्सल ऑफिसच्या कपाटात महिनाभर पडतं. सुट्टीच्या तारखा बघून मागवा, बंद होस्टेलवरून ते सरळ परत जातं. उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून शेवटपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा, काही तुटकं निघालं तर बोलायला जागा राहते. आणि मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली फिगर उभी ठेवून जाऊ नका. पीव्हीसी उन्हाळ्यात मऊ पडतं आणि एका पायावर उभी असलेली फिगर वाकते. वाकलीच तर गरम पाण्यात धरून सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात घाला. चिकट झाली तर कोमट पाणी आणि साबण पुरतो, थिनर अजिबात नको, रंग जाईल.

रूममेटने नवी मिकू उघडली तेव्हा पहिल्यांदा मान हलवून बघितली. राहिली. जुनी मात्र तिने टाकू दिली नाही, ती अजून टेडीला टेकून आहे. त्यामुळे खरी आणि खोटी, दोन्ही आमच्या शेल्फवर शेजारी-शेजारी आहेत. कोणाला हातात घेऊन फरक बघायचा असेल तर रात्री जेवणानंतर या. मुलांना आमच्या होस्टेलमध्ये एन्ट्री नाही, त्यांनी आधी सांगावं, दोघींना कँटीनमध्ये घेऊन येईन. चहा तुमच्याकडून.